मंडू म्हणजे चायनीज डंपलिंगच आणि जाम्पोंग म्हणजे चायनीज नूडल सूपच, मग कोरियन आचारी त्यात वेगळं काय करतात?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की नुसतं तिखट वाढवतात का. मी नोकरीनिमित्त इंचॉनला राहिलेय, कोरियातलं हे सगळं चायनीज खाणं ज्या बंदरातून पसरलं तेच गाव, आणि तिथे मी जेवढं खाल्लंय तेवढंच आचाऱ्यांना विचारून विचारून भंडावलंय पण, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

तिखट हा त्यातला अगदी अलीकडचा बदल आहे हो. त्याच्या कितीतरी आधी सारण बदललं, रस्सा बदलला, आणि डंपलिंग खायची पद्धतच बदलली. आणि माझं म्हणणं असं की हे सगळं कोरियन लोकांना अमुक चव आवडते म्हणून झालं त्यापेक्षा त्या त्या वेळी घरात आणि बाजारात काय मिळत होतं त्यावरून झालं. गहू नव्हता तेव्हा एक प्रकार, गहू बोटी भरभरून आला तेव्हा दुसरा प्रकार.

आधी मंडू घेऊ. हे चीनकडून आलं यात वाद नाही, आणि आलं ते फार जुन्या काळी, गोर्यो राजवटीतल्या (दहावं ते चौदावं शतक) एका गाण्यात एक बाई डंपलिंगच्या दुकानात जाते आणि दुकानाचा मालक पश्चिमेकडून आलेला मुसलमान असतो असं वर्णन आहे, म्हणजे मंगोलांच्या काळात ते तिथे विकलं जात होतं. पण कोरियात गहू फारसा पिकत नाही. सन ११२३ मध्ये चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग तिथे गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की इथे गहू कमी, चीनमधून आणावा लागतो, म्हणून पीठ महाग आणि नूडल्स फक्त मोठ्या समारंभात. आता विचार करा, पारीच ज्याची करायची ते पीठच महाग, तर बायका काय करणार? त्यांनी बकव्हीटच्या (आपला कुट्टू) पिठाची पारी केली. १६७० च्या सुमाराला जांग ग्ये-ह्यांग ह्या बाईंनी आपल्या मुलीसुनांसाठी कोरियन लिपीत पाककृती लिहून ठेवल्या, त्यात मंडू बकव्हीटच्या पिठाचे आहेत आणि आत मऊ शिजवलेला मुळा आणि फेजंट पक्ष्याचं मांस. दरबारी स्वयंपाकात तर पिठाशिवायही मंडू व्हायचे, माशाचा पातळ काप घ्यायचा, त्यात सारण भरायचं, बाहेरून स्टार्च लावून उकळायचं, ह्याला ओमंडू म्हणतात. मला हे फार भारी वाटतं, म्हणजे आकार आणि कल्पना शेजाऱ्याची ठेवली आणि साहित्य सगळं आपलं.

आता सारण, खरा फरक इथे आहे. उत्तर चीनमधल्या ज्याओझीत, म्हणजे तिकडच्या डंपलिंगमध्ये, मांस मुख्य, त्यात ते लोक थोडं पाणी किंवा रस्सा घालून एकाच दिशेने फेटतात म्हणजे चावलं की आतून रस सुटला पाहिजे. कोरियन घरात मांस एवढं कुठून आणणार, म्हणून टोफू, मोड आलेले मूग (लांब शेपटीचे, आपल्या उसळीसारखे आखूड नाही), आंबलेली किमची (मसाला लावून मुरवलेली कोबी), आणि रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया ज्याला दांगम्योन म्हणतात, ह्यांनी सारण वाढवलं. पण हे सगळं पाण्याने भरलेलं असतं ना. म्हणून चायनीज आचारी सारणात पाणी घालतो आणि कोरियन आचारी पाणी काढतो. मी जिथे जेवायला जायचे तिथल्या इमो (हॉटेलातल्या मावशीला तिकडे असंच हाक मारतात) सकाळी सुती कापडात टोफू बांधून असा पिळायच्या की शेवटी कोरडा भुगा उरायचा, मग तसंच मूग उकडून पिळायचे, किमची बारीक चिरून पिळायची, तीनही वेगवेगळं, आणि हे झाल्यावरच मांसात मिसळायचं. एवढं पिळूनही जे थोडं पाणी सुटतं ते दांगम्योन शोषून घेतात, म्हणून त्या शेवया आत असतात, नुसत्या भरीला नाही. आणि कमी मांस असलं तरी लसूण, हिरवा कांदा, तिळाचं तेल आणि मिरी असल्यामुळे सारण फिकं लागत नाही.

किमची मंडूबद्दल एक गोष्ट सांगते. लोकांना वाटतं हा शंभर टक्के कोरियन शोध, पण चीनच्या ईशान्य भागात आंबवलेल्या कोबीचं आणि पोर्कचं ज्याओझी करतातच, हिवाळा तसाच कडक, कोबी तशीच साठवायची. मग कोरियन हात कुठे दिसतो तर किमचीत मिरची, लसूण आणि खारवलेली कोळंबी असते तिथे. थंडी संपत आली की मडक्यातली किमची फार आंबट होते, नुसती खाववत नाही, ती संपवायचा चांगला मार्ग म्हणजे मंडू.

पारी जरा जाड असते, आणि घरगुती मंडूची दोन टोकं जोडून गोल टोपीसारखा आकार देतात. का? कारण तो सूपात जाणार आहे. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी ज्याओझी पाण्यात उकडले तरी निथळून व्हिनेगरमध्ये बुडवून खातात, रश्शात पोहणारं डंपलिंग म्हणजे हुनतुन, त्याची पारी पातळ आणि झुळझुळीत, दोन वेगळ्या वस्तू. कोरियात ही वाटणी मोडली. ज्याओझीसारखा जाडजूड मंडू सरळ रश्शात टाकला आणि त्याचं मंडूगुक झालं, म्हणजे अख्खं जेवण एका वाटीत, कारण कोरियन ताटात सूप लागतंच लागतं. रस्सा ब्रिस्केटचा (बीफचा छातीकडचा भाग) नाहीतर सुक्या अँकोव्ही (छोटे मासे) आणि केल्प ह्या समुद्री शेवाळाचा, त्यात सूपसाठीचा वेगळा फिक्या रंगाचा खारट सोयासॉस घालतात, वरून अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या, हिरवा कांदा, चुरलेलं गिम (समुद्री शेवाळाचा सुकवलेला पातळ कागद). एखादा मंडू रश्शातच फोडायचा म्हणजे सारण विरघळून रश्शाला दाटपणा येतो, मला तर हीच सगळ्यात आवडती स्टेप आहे.

हे मुख्यतः उत्तरेकडचं खाणं, प्योंगआन प्रांत, केसॉंग वगैरे. उत्तरेला भात कमी, थंडी जास्त, म्हणून सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्षाला उत्तरेत मंडूगुक आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठाच्या चकत्यांचं तॉकगुक, आणि मधल्या भागात दोन्ही एकत्र. कोरियन युद्धात उत्तरेतून लाखो माणसं निर्वासित होऊन दक्षिणेत आली, त्यांनी हे सोलच्या गल्लीगल्लीत आणलं. आजही सोलमध्ये प्योंगयांगच्या थंड नूडल्सची जी हॉटेलं आहेत तिथे मोठाले, टोफू-मुगाचे, अजिबात तिखट नसलेले मंडू मिळतात, पहिल्यांदा खाणाऱ्याला सपक वाटतात पण रश्शाबरोबर खा मग कळतं. केसॉंगचा अजून एक प्रकार आहे प्योनसू, चौकोनी, उन्हाळ्यात भाज्यांचं सारण भरून गार रश्शात. थंडगार रश्शातलं डंपलिंग!

आता गव्हाची गोष्ट, कारण हिच्याशिवाय नूडल्सचं काहीच कळणार नाही. युद्धानंतर अमेरिकेचा मदतीचा गहू कोरियात आला, तोच पीएल ४८० चा कार्यक्रम ज्यातून आपल्याकडेही रेशनवर लाल गहू आला होता, घरातल्या जुन्या माणसांना विचारा त्यांना आठवेल. तिकडे सरकारने १९६० आणि ७० च्या दशकांत लोकांनी भात कमी खावा म्हणून मोहीमच काढली, शाळेत मुलांचे डबे उघडून भातात दुसरं धान्य मिसळलंय का ते तपासायचे, आठवड्यातले दोन दिवस दुपारी हॉटेलांना भात विकायला बंदी. मग काय, जे पीठ शू जिंगच्या काळात समारंभाला लागायचं ते आता गरिबाच्या घरातलं झालं. काल्गुक्सू म्हणजे सुरीने कापलेल्या नूडल्सचं सूप, सुजेबी म्हणजे कणकेचे हाताने तोडलेले तुकडे उकळत्या रश्शात, हे घराघरात पोचले ते ह्या काळात.

काल्गुक्सूत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. चायनीज आचारी साधारणपणे नूडल्स वेगळ्या पाण्यात उकडतो आणि मग त्यावर रस्सा ओततो, रस्सा स्वच्छ राहतो. काल्गुक्सू बहुतेक ठिकाणी रश्शातच कच्च्या टाकतात, वरचं सुकं पीठ रश्शात उतरतं आणि तो आपोआप दाट होतो, आणि तो दाटपणाच लोकांना हवा असतो. उलट आंदोंग ह्या शहराकडे जुन्या खानदानी घरांत सोयाबीनचं पीठ मिसळून केलेल्या नूडल्स उकडून गार पाण्यात धुऊन मग रश्शात देतात, म्हणजे कोरियात एकच रीत आहे असंही समजू नका. सोलला गेलात तर म्योंगदोंग ग्योजा म्हणून एक हॉटेल आहे, १९६६ पासून, तिथे काल्गुक्सूवर परतलेला खिमा आणि चार छोटी पातळ पारीची डंपलिंग घालून देतात, सोबत भरपूर लसणाची झणझणीत किमची. त्या एका वाटीत नूडल्स कोरियन घरातल्या, वरचा खिमा परतायची पद्धत चायनीज कढईची आणि डंपलिंग हुनतुनच्या वळणाचं. गर्दी असते पण रांग भराभर सरकते.

आता इंचॉन. हे बंदर १८८३ मध्ये उघडलं आणि समोरच्या शांडोंग प्रांतातून व्यापारी, हमाल, आचारी येऊन राहिले. त्यांच्या वंशजांना ह्वाग्यो म्हणतात. म्हणून कोरियातलं चायनीज हे कॅन्टनचं किंवा सिचुआनचं नाही, मुळात शांडोंगचं आहे. १९४९ नंतर चीनशी येणंजाणं बंद, माल बंद, आणि कोरियात परदेशी म्हणून जमीन घेण्यावर मर्यादा, मोठा धंदा करणं अवघड, त्यामुळे ह्या कुटुंबांना छोटं हॉटेल चालवणं एवढाच रस्ता उरला. म्हणजे बघा, कोरियन चायनीज बनवलं ते आधी चिनी वंशाच्या आचाऱ्यांनीच, आपल्याकडे गाडीवरच्या चायनीजचं जसं झालं तसं, गिऱ्हाईक इथलं, भाजी इथली, आचाऱ्याचं तंत्र तिकडचं. पुढे ७० च्या दशकात बरीच ह्वाग्यो कुटुंबं अमेरिका आणि तैवानला निघून गेली आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या कोरियन पोरांनी कढया ताब्यात घेतल्या. मला वाटतं ह्या लोकांचं श्रेय कोणी पुरेसं देत नाही, कोरियन खाण्यावर एवढे व्हिडिओ निघतात त्यात ह्वाग्यो हा शब्दसुद्धा ऐकू येत नाही, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

जाजांगम्योन सूप नाही म्हणून पटकन आटपते. शांडोंगमधला खारट सोयाबीन पेस्टचा खिमा नूडल्सवर, तो इथे आल्यावर १९४८ च्या सुमाराला पेस्टमध्ये कॅरॅमल घालायला सुरुवात झाली, ती काळी आणि गोड झाली, मग त्यात कांदा, बटाटा ढीगभर आणि स्टार्च घालून सॉस भरपूर केला. इंचॉनच्या चायनाटाउनमध्ये गोंगह्वाचुन ह्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत आता जाजांगम्योनचं म्युझियम आहे, २०१२ मध्ये उघडलं, वेळ असेल तर जरूर बघा.

आणि आता जाम्पोंग, तुमच्या प्रश्नातलं ते लाल सूप. नाव जपानमधून आलंय, नागासाकीत चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन ह्यांनी १८९९ मध्ये काढलेल्या हॉटेलातल्या चाम्पोनवरून, पण कोरियातली कृती शांडोंगच्या चाओमाम्येनची आहे, म्हणजे वरचं साहित्य आधी परतायचं आणि मग त्याच कढईत रस्सा ओतायचा. ते पांढरं सूप होतं. मिरची नव्हतीच. साधारण ६० आणि ७० च्या दशकांत आचाऱ्यांनी त्यात गोचुगारू म्हणजे कोरियन मिरचीची भरड टाकायला सुरुवात केली आणि हळूहळू लाल हेच मूळ झालं, आज पांढरं हवं असेल तर पेक-जाम्पोंग असं वेगळं सांगावं लागतं.

कसं करतात ते नीट सांगते कारण इथेच लोक चुकतात. कढई खूप तापवायची, त्यात तेल किंवा डुकराची चरबी, मग जाड हिरवा कांदा, आलं, लसूण, पोर्कच्या पट्ट्या. सोयासॉस कढईच्या कडेने सोडायचा म्हणजे तो जळल्यासारखा होऊन वास सुटतो. मग कोबी, कांदा, गाजर, झुकिनी, फक्त कडा भाजल्या पाहिजेत, मऊ नाही. आता आच कमी करून गोचुगारू तेलात घालायची, कारण मिरची रश्शात टाकली तर पाणी लाल होतं पण चव कच्ची राहते, तेलात परतली की रंग आणि वास दोन्ही तेलात उतरतात, मात्र मोठ्या आचेवर ती काही सेकंदांत जळून कडू होते. मग स्क्विड, शिंपले, आणि वरून चिकनच्या किंवा पोर्कच्या हाडांचा रस्सा, पुन्हा मोठी आच, दणदणीत उकळी. नूडल्स सोडा घातलेल्या, पिवळसर आणि लवचीक, त्या मात्र इथे वेगळ्या उकडून गार पाण्यात चोळून धुतात, मग पुन्हा गरम पाण्यात बुडवून वाटीत घेतात. ज्या हॉटेलात एकेक वाटीसाठी वेगळी कढई चढते तिथलं जाम्पोंग खा, मोठ्या पातेल्यात करून ठेवलेल्यात तो आगीचा वास, ज्याला कोरियन लोक बुलमात म्हणतात, तो राहत नाही.

आणि सिचुआनसारखं समजू नका हं, जाम्पोंगमध्ये जीभ बधिर करणारी ती मिरी नसते, तिखट सरळ घशाला लागतं, आणि शिंपले, कोबी, कांद्यामुळे रस्सा गोडसर असतो. त्यामुळे सोबतीला आंबट-गोड पिवळा मुळा आणि कच्चा कांदा देतात, तो काळ्या सोयाबीन पेस्टमध्ये बुडवून खायचा.

बदल अजून चालूच आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचं गुनसान हे बंदर जाम्पोंगसाठी प्रसिद्ध, तिथे शिंपल्यांचा डोंगर असतो वाटीत. पूर्वेला गांगनुंगच्या चोदांग गावात समुद्राच्या पाण्याने जमवलेला मऊ टोफू करतात, त्यांनी नूडल्स काढून टाकून जाम्पोंगच्या रश्शात तो टोफू घातला आणि सोबत भात दिला, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, हाताशी जे आहे ते. उलट गिसूम्योन (बारीक नूडल्स, चिकनचे धागे, स्वच्छ रस्सा) आणि उलम्योन (स्टार्चने दाट केलेलं, अंडं सोडलेलं पांढरं सूप) हे दोन प्रकार मूळ शांडोंगच्या जास्त जवळचे, पण ते मेन्यूवरून गायब होत चाललेत, तरुण मुलं मागवत नाहीत. जुन्या ह्वाग्यो हॉटेलात दिसलं तर प्लीज मागवा. आचारी किती तयारीचा आहे ते गिसूम्योनमध्ये कळतं कारण त्यात लपवायला मिरचीच नाही.

तळलेल्या मंडूबद्दल मात्र मी नाराज आहे. चायनीज पद्धतीत एका बाजूने तव्यावर खरपूस आणि वरून वाफेने मऊ असं असतं. कोरियातल्या चायनीज हॉटेलांत कुनमंडू पूर्वी हाताने करायचे, मग मोठ्या ऑर्डरवर ते फुकट द्यायची पद्धत पडली, आणि फुकट द्यायचंय म्हटल्यावर कोण हाताने करणार, फ्रोझन पाकीट उघडून तेलात तळतात. हाताने वळलेले मिळाले तर दोन पैसे जास्त द्या आणि खा.

घरी करायचं असेल तर मंडूगुकपासून सुरू करा, जाम्पोंगची आच आपल्या घरगुती गॅसवर मिळणं कठीण आहे. साधारण पाव किलो पोर्क किंवा चिकनचा खिमा, तेवढाच पिळलेला टोफू, वाटीभर पिळलेली जुनी किमची, वाटीभर उकडून पिळलेले लांब मोडाचे मूग, मूठभर भिजवून चिरलेले दांगम्योन. मीठ शेवटी चव बघून, किमचीत असतंच. एक छोटा गोळा तव्यावर भाजून खाऊन बघा मगच बाकीचे भरा. मैद्याची कणीक घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. रश्शात टाकायच्या आधी मंडू वेगळे वाफवून घेतले तर फुटत नाहीत.

शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, विकतच्या किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो, पाकिटावर वाचून घ्या. रस्सा केल्प, सुके शिताके मशरूम आणि मुळ्याचा करता येतो, मुळा मोठ्या फोडी करून पाऊण तास मंद आचेवर, केल्प मात्र उकळी यायच्या आत काढून टाका नाहीतर रस्सा कडवट आणि बुळबुळीत होतो. मांसाऐवजी टोफू दुप्पट आणि मशरूम बारीक चिरून तिळाच्या तेलात परतून घाला, पण मशरूमही पाणी सोडतात, तेव्हा परतून गार झाल्यावर तेही कापडात घालून पिळायचे.